न्यूमॅटोफोर: तिवराचं मूळ की ब्लूबॉटलचा फुगा?

"मामा, न्यूमॅटोफोर म्हणजे मूळ की फुगा?"

भाचीचा हा मेसेज आला तेव्हा मी रबाळ्याहून सुटून ऐरोली स्टेशनचा जिना उतरत होतो. ती ठाण्यात नौपाड्याला राहते, अकरावी सायन्सला आहे आणि नीटच्या क्लासला जाते. वनस्पतिशास्त्राच्या वहीत तिनं लिहून घेतलं होतं की न्यूमॅटोफोर म्हणजे दलदलीतल्या झाडांची चिखलातून वर येणारी मुळं. मग प्राणिशास्त्राचं एक जुनं पुस्तक चाळताना तोच शब्द पुन्हा भेटला, आणि तिथे तो समुद्रावर तरंगणाऱ्या एका प्राण्याच्या फुग्याला लावलेला. क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "परीक्षेला मुळं येतात, तेवढं लक्षात ठेव."

मी जीवशास्त्राचा माणूस नाही. पंचवीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पण या शब्दाचा पुढचा अर्धा भाग माझ्या रोजच्या जेवणातला. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या एमआयडीसीत, 'न्यूमॅटिक' हा शब्द कानावर न पडता एक पाळी संपत नाही. न्यूमॅटिक सिलिंडर, न्यूमॅटिक व्हॉल्व, न्यूमॅटिकची लाइन. अर्थ एकच, हवेवर चालणारं. तेवढ्या भरवशावर मी तिला "दोन्ही" असं उत्तर पाठवून दिलं. मग घरी येऊन शोधलं, वाचलं, आणि उत्तर बरोबर निघालं. पण तिचं त्यानं समाधान होईना. झाडाचं मूळ आणि समुद्रातला फुगा यांचं एकमेकांशी नातं काय? नसेल तर नाव एक कसं? तिला दिलेलं उत्तर जरा लांबलं, तेच इथे लिहितो आहे.

आधी शब्द फोडू. ग्रीक भाषेत 'न्यूमा' म्हणजे वारा, श्वास आणि प्राणसुद्धा. आपल्याला याचं नवल वाटू नये. ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो, आणि माणूस गेला की 'प्राण गेला' म्हणतो. वारा, श्वास आणि जीव यांची गाठ आपल्या भाषेतही तशीच पडलेली आहे. शब्दाचा दुसरा भाग 'फोरोस', म्हणजे वाहणारा, बाळगणारा. हा तर आपला लांबचा भाऊबंदच. संस्कृतातला 'भृ' धातू, ज्यातून भार, भरण, भर्ता हे शब्द आले, आणि ग्रीकांचं 'फेरो' ही एकाच जुन्या घराण्यातली मंडळी. तेव्हा न्यूमॅटोफोर म्हणजे 'हवा बाळगणारा'. बस, इतकंच.

आणि सगळा घोळ या 'इतकंच'मध्ये आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यावर नुसतं 'पीठ' लिहिलेलं असावं, तसं हे नाव. आत पीठ आहे हे कळतं. ज्वारीचं की डाळीचं, भाकरीसाठी की भज्यांसाठी, ते डबा उघडल्याशिवाय कळत नाही. आत हवा आहे एवढंच न्यूमॅटोफोर हा शब्द सांगतो. ती कुठून आली, कुठे निघाली, कशासाठी ठेवली, यावर त्याचं तोंड बंद.

म्हणून दोन्ही डबे उघडून पाहायचे ठरवलं. पहिला डबा घरापासून चालत वीस मिनिटांवर होता.

अमावास्या नुकतीच झाली होती. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत दुपारी बाराच्या आसपास पाणी भरतं आणि सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पार उतरतं. भाचीला आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलावून घेतलं आणि रविवारी साडेसहाला आम्ही ऐरोलीच्या खाडीकाठी उभे होतो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. लोक इथे गुलाबी पक्षी बघायला येतात. आम्ही मान खाली घालून चिखल बघत होतो.

तिवर म्हणजे खाडीकाठची एक खारफुटी. तिच्या प्रत्येक झाडाभोवती चिखलातून शेकडो काड्या सरळ वर आलेल्या. बोटाएवढ्या जाड, वीतभर उंच, करड्या-तपकिरी, टोकाला निमुळत्या. कोणी पेन्सिलींची पोतीच्या पोती आणून उलटी रोवून ठेवावीत तसं दृश्य. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. झाडापासून दूर जावं तशा या काड्या विरळ होतात, पण सहजी संपत नाहीत. नीट पाहिलं तर त्या रांगेत आहेत हे कळतं. कारण चिखलाखाली प्रत्येक रांगेसाठी एकेक लांब आडवं मूळ पसरलेलं असतं, जमिनीखालच्या केबलसारखं, आणि त्या केबलमधून ठरावीक अंतरानं एकेक फाटा सरळ आभाळाकडे निघतो. मूळ म्हटलं की खाली जाणार, हा आपला शाळेतला नियम. हे फाटे तो मोडतात, ते गुरुत्वाच्या उलट वाढतात. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवरालासुद्धा असे दहा हजारांच्या वर फाटे असू शकतात. हे वनस्पतीतलं न्यूमॅटोफोर.

इतका खटाटोप कशासाठी, हे कळायला चिखलाचा स्वभाव माहीत हवा. झाडं ऑक्सिजन देतात हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की झाडांना तो लागतोही, हे विसरून जातो. पानांना दिवसा ऊन मिळतं, ती ऑक्सिजन तयार करतात. मुळं अंधारात. त्यांना ऊन नाही, हिरवा रंग नाही, पण पेशी जिवंत आहेत, आणि जिवंत पेशीला अन्न जाळायला ऑक्सिजन हवा. साध्या मातीत कणांच्या फटींमधून हवा खेळते, त्यामुळे भागून जातं. शेतात आठवडाभर पाणी साचलं की पीक पिवळं पडतं, किंवा गॅलरीतल्या तुळशीला प्रेमानं रोज तांब्याभर पाणी घातलं की ती मरते, त्यामागचं कारण हेच. बहुतेक वेळा मूळ बुडून नाही, गुदमरून जातं.

खाडीचा गाळ म्हणजे कायमची पाणी साचलेली कुंडी. पाण्यातून ऑक्सिजन पसरायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी. वरून जो थोडाफार झिरपतो तो गाळातले सूक्ष्मजीव वरच्या काही मिलिमीटरांतच संपवून टाकतात. त्याच्या खाली जे जीवाणू राहतात त्यांना ऑक्सिजन लागतच नाही. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलावर आली की ओहोटीच्या वेळी डब्यात जो सडक्या अंड्यासारखा वास भरतो, त्यात या वायूचा मोठा हात आहे. शहराच्या सांडपाण्याचाही आहे, ते नाकारायला नको. गाळ वरवर खरवडला की खाली काळाकुट्ट रंग दिसतो, तो याच सल्फाइडची लोखंडाशी गाठ पडून झालेला.

आता माझ्या धंद्यातली भाषा वापरतो. कारखान्यात एखाद्या मशीनला हवा हवी आणि मशीनच्या खोलीत हवा नाही, तर आपण काय करतो? बाहेरून पाइप आणतो. तिवरानं तेच केलं आहे. वर आलेली प्रत्येक काडी म्हणजे हवा घेण्याचं एक तोंड. तिच्या सालीवर भिंगाखाली बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसतात, त्यांना वल्करंध्रं म्हणतात. हवा त्यांतून आत जाते. पाणी मात्र जात नाही, कारण ती रंध्रं पाणी झटकून टाकणारी असतात. आत गेल्यावर काडीचं पोट लाकडासारखं भरीव नसतं, तर पोकळ्यांनी भरलेलं, स्पंजासारखं. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ती वाट खाली आडव्या केबलपर्यंत, तिथून अन्न-पाणी शोषणाऱ्या बारीक मुळांपर्यंत जाते. तोंड, फिल्टर, लाइन, आणि शेवटी मशीन.

"पण कॉम्प्रेसर कुठाय?" भाचीनं विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं.

कॉम्प्रेसर खाडी आहे. १९५५ साली शोलँडर या शास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. तिवराच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांच्या गाळातल्या मुळांत त्यांनी ऑक्सिजन आणि दाब मोजला होता. भरती येऊन काड्या बुडाल्या की हवेचं तोंड बंद. आतल्या पेशी मात्र ऑक्सिजन वापरतच राहतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो, त्यामुळे गेलेल्या ऑक्सिजनची जागा वायूनं भरून निघत नाही. आतला दाब हळूहळू उतरतो. ओहोटी लागते, काड्यांची टोकं पाण्याबाहेर येतात, आणि बाहेरची हवा सूं करून आत ओढली जाते. आपल्याकडे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे तिवर दिवसातून दोन दमदार श्वास घेतं. उरलेल्या वेळी हवा आपली आपण, दाबाशिवाय, मुंगीच्या पावलानं पसरत राहते.

त्याच निबंधात आणखी एक प्रयोग आहे, तो वाचून मला हसू आलं. कांदळ ही दुसरी खारफुटी, तिच्या जातीतल्या एका झाडाच्या आधारमुळांवरची रंध्रं त्यांनी चक्क ग्रीस लावून बुजवली. गाळातल्या मुळांमध्ये एरवी १५ ते १८ टक्के ऑक्सिजन असायचा, तो दोन दिवसांत २ टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली आला. आम्ही आयुष्यभर मशीन चालू राहावं म्हणून ग्रीस लावतो, यांनी बंद पडतं का ते बघायला लावलं.

हा प्रयोग आपल्या खाडीवर नकळत वरचेवर होत असतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, ते नवी मुंबईच्या तिवरांपर्यंत आलं. अशा वेळी पानांवरचं काळं डोळ्यांत भरतं, पण खरा धोका काड्यांवर बसलेल्या थराचा. रात्री डंपर रिकामा करून टाकलेलं डेब्रिज, किंवा बांध घालून अडवलेलं पाणी, यांनीही हेच होतं. गाळ सावकाश साचला तर काड्या त्याच्याबरोबर उंच होऊ शकतात. एका रात्रीत टाकलेल्या भरावापुढे त्यांचं काही चालत नाही. झाडाला कुऱ्हाड न लावता झाड मारायची ही पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांनी न्यूमॅटोफोर हा शब्द कधी ऐकलेला नसतो.

आणखी एक गोष्ट, मग पुढे जाऊ. ही लाइन थोडी गळकी असते, आणि ते चांगलं असतं. मुळापर्यंत आलेला ऑक्सिजन थोडा बाहेरच्या गाळात झिरपतो. मग मुळाच्या अगदी लगतचा गाळ काळा न राहता गंजासारखा तांबूस होतो, कारण तिथलं लोखंड खरोखरच गंजलेलं असतं. विषारी सल्फाइड मुळाला थेट भिडण्याआधी तिथेच निकालात निघतं. कारखान्यात एअर लाइनचं लीकेज म्हणजे विजेचं बिल. इथे गळतीतूनच संरक्षण.

आता दुसरा डबा. तो ऐरोलीत मिळत नाही. त्यासाठी पावसाळ्यात जुहूला किंवा गिरगावला जावं लागतं, तेही वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे जोरात वाहत असताना. वाळूवर निळ्या-जांभळ्या, पारदर्शक, बोटभर लांबीच्या फुगलेल्या पिशव्या पडलेल्या दिसतात, आणि पिशवीच्या खाली गडद निळा दोरा. हे ब्लूबॉटल. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर यांच्या डंखांमुळे बरेच लोक कळवळले होते, ते आठवत असेल. मेलेलं वाटलं तरी हात लावू नका, दोऱ्यातल्या डंखपेशी धनी मेल्यावरही काम करतात.

याचं थोरलं भावंड म्हणजे 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर', पोर्तुगीजांची युद्धनौका. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, वसई १७३९ साली, पण पोर्तुगीजांचं हे गलबत दर पावसाळ्यात नावापुरतं तरी किनाऱ्याला लागतंच. या सगळ्या मंडळींचं शास्त्रीय नाव 'फायसेलिया'. जगभर यांची एकच जात आहे असं कितीतरी वर्षं मानलं जात होतं. २०२५ साली जनुकं तपासून एकाच्या चार जाती झाल्या.

लोक याला जेलीफिश म्हणतात. तो जेलीफिश नाही. हा सायफोनोफोर गटातला प्राणी, आणि 'हा' हे एकवचनही जपून वापरावं लागतं. दिसतो एक, पण ती वसाहत आहे. एका अंड्यातून निघालेल्या जिवाला कळ्यांसारखे अनेक छोटे जीव फुटतात, ते एकमेकांना चिकटूनच राहतात आणि कामं वाटून घेतात. काही शिकार पकडतात, काही पचवतात, काही फक्त पुनरुत्पादनाचं बघतात. चाळीतल्या एखाद्या एकत्र कुटुंबासारखं, फक्त इथे जेवण एकानं केलं की पोट सगळ्यांचं भरतं.

या कुटुंबाच्या डोक्यावरचा फुगा म्हणजे प्राण्यातलं न्यूमॅटोफोर. त्याच्या भिंती दोन: बाहेरची स्नायूंची, आतली वायूच्या पिशवीची. फुग्याच्या माथ्यावर झालरीसारखा तुरा असतो. बाहेरच्या भिंतीचे स्नायू आवळले की वायू तुऱ्यात ढकलला जातो, तुरा ताठ होतो आणि शिडाचं काम करतो. शीड कुणाचं डावीकडे कललेलं असतं, कुणाचं उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात काही डाव्या अंगाला सरकतात, काही उजव्या. सगळे ब्लूबॉटल एकाच किनाऱ्यावर आपटून संपू नयेत म्हणून ही सोय झाली असावी असा तर्क केला जातो. मला तो पटतो.

फुग्यात नुसती हवा असती तर गोष्ट इथेच थांबली असती. पण त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवल्यानं जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्यांतला हाच वायू. फुग्याच्या आत एक ग्रंथी असते, ती एका अमिनो आम्लापासून हा वायू तयार करते. फुगा आधी त्यानं भरतो, मग भिंतीतून बाहेरच्या हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतात. म्हणजे या प्राण्यानं कॉम्प्रेसर सोबत बाळगला आहे, आणि तोही स्वतःच्या मांसाचा. माणूस ज्यानं मरतो त्याच्यावर हा तरंगतो.

सगळे सायफोनोफोर पाण्यावर तरंगत नाहीत. बरेचसे खोल समुद्रात लांब दोरीसारखे लोंबकळत राहतात आणि त्यांच्या टोकाला अगदी इवलासा फुगा असतो. काहींना तो नसतोच. या इवल्या फुग्यांनी एकदा मोठमोठ्यांना फसवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवरून 'सोनार' यंत्रानं, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत, समुद्राची खोली मोजताना काहीशे मीटरवर एक तळ दिसायचा, जो तळ नव्हताच. आणि तो रात्री वर यायचा! नंतर कळलं की आवाज परतवणारा हा पडदा जिवंत आहे. दिवसा खोल आणि रात्री वर येणारे असंख्य छोटे प्राणी मिळून तो होतो, त्यांत मासे आले, कोळंबीचे भाईबंद आले. १९६३ साली बारहॅम या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की त्यात सायफोनोफोरांच्या या वायूच्या फुग्यांचाही वाटा आहे. पाण्यात वायूचा बुडबुडा म्हणजे आवाजासाठी आरसाच.

तर दोन्ही डबे उघडून झाले. आता नातं बघू.

जीवशास्त्रात दोन अवयवांचं नातं लावायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, दोघांची घडण एकाच पूर्वजाकडून आली, काम वेगळं असलं तरी चालेल. माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख हे नेहमीचं उदाहरण, यांना समजात अवयव म्हणतात. दोन, घडण वेगळी पण काम सारखं, जसा फुलपाखराचा पंख आणि चिमणीचा पंख. आपल्या न्यूमॅटोफोरांना यातला कुठलाच रस्ता लागू होत नाही. तिवराचं न्यूमॅटोफोर आडव्या मुळाला फुटलेला फाटा. ब्लूबॉटलचं न्यूमॅटोफोर अळीच्या अवस्थेत, तोंडाच्या विरुद्ध टोकाची कातडी आत वळून तयार झालेली पिशवी. (फुगा हाही वसाहतीतलाच एक सभासद, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. आता तसं मानत नाहीत, कारण बाकीच्यांसारखा तो कळीतून फुटलेला नसतो.) घडण वेगळी. आणि कामही वेगळं: एकाचं मुळाला ऑक्सिजन पोचवण्याचं, दुसऱ्याचं बुडू न देण्याचं.

माझ्या भाषेत सांगायचं तर एक लाइन आहे आणि एक टाकी. लाइनमधली हवा वाहती राहिली पाहिजे, ती अडली की झाड मेलं. टाकीतली हवा अडूनच राहिली पाहिजे, ती सुटली की प्राणी बुडाला. कारखान्यात दोन्हींवर निळा रंग मारतात आणि दोन्हींना 'एअर'च म्हणतात. पण लाइनच्या जागी टाकी बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसायचा नाही.

मग नाव एक का? कारण नाव ठेवणारे दोन वेगळ्या खोल्यांत बसले होते. समुद्री प्राणी चिरणाऱ्यांनी आत हवा बघितली, ग्रीक कोश उघडला. मुळं चिरणाऱ्यांनी आत हवा बघितली, तोच कोश उघडला. एका गावात दोन घरी 'बाळू' निघावेत, तसं झालं. त्यांची गाठ घालून दिली ती अकरावीच्या दप्तरानं.

मराठीनं मात्र हा घोळ होऊ दिला नाही. आपण मुळांना 'श्वसनमुळं' म्हणतो आणि फुग्याला सरळ वायूचा फुगा किंवा वायुकोश. म्हणजे मराठी माध्यमातल्या पोराला भाचीचा प्रश्न पडलाच नसता. अर्थात मराठीची फुशारकी फार मारायला नको, कारण 'अंडाशय' हा शब्द आपण बाईच्या शरीरातही वापरतो आणि जास्वंदाच्या फुलातही, आणि तिथे आपली पोरं गोंधळतातच. प्लासेंटाचं पुन्हा उलट. प्राण्यात तिला वार म्हणतात, फुलात बीजांडासन. इंग्रजीत दोन्हीकडे प्लासेंटाच.

'श्वसनमुळं' या शब्दालाही माझी एक हरकत आहे. श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांत आपलीच पुस्तकं फरक करतात. श्वसन म्हणजे पेशीत अन्न जाळून ऊर्जा काढणं. ते प्रत्येक मूळ करतं, तुळशीचंही आणि गाजराचंही. तिवराच्या काड्या वेगळं करतात ते श्वासोच्छ्वासाचं काम, हवा आत-बाहेर करण्याचं. त्या नाक आहेत. पण 'नाकमुळं' कोण म्हणणार? तेव्हा श्वसनमुळं चालू द्यावं, फक्त मनात दुरुस्ती ठेवावी.

एक दुरुस्ती मात्र मनात ठेवून भागत नाही. भाचीच्या पाठ्यपुस्तकात न्यूमॅटोफोरचं उदाहरण म्हणून रायझोफोरा दिलंय. रायझोफोरा म्हणजे आपलं कांदळ. कांदळाची मुळं चिखलातून वर येत नाहीत. ती खोडातून फुटून कमानीसारखी खाली चिखलात जातात, मंडपाच्या वाशांसारखी. त्यांच्यावरही रंध्रं असतात, त्यांतूनही हवा आत जाते, शोलँडरनं ग्रीस लावलं ते यांनाच. काही लेखक चिखलाबाहेरच्या सगळ्याच मुळांना सैलपणे न्यूमॅटोफोर म्हणतात, त्यांच्या हिशेबात हे बसेल. पण 'जमिनीतून सरळ वर येणारी' अशी व्याख्या द्यायची आणि उदाहरण कांदळाचं, हे जुळत नाही. तिवर द्या, नाहीतर चिप्पी द्या. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याची खारफुटी, आहे, आणि तिची वर येणारी मुळं चांगली जाडजूड, शंकूच्या आकाराची असतात. मुळांवर नजर टाकली तरी ती आणि तिवर यांत फरक करता येतो.

"मग मी पेपरात काय लिहू?" भाचीनं विचारलं.

"रायझोफोरा," मी म्हटलं. मार्क तिला हवे आहेत, मला नाहीत.

तिनं दप्तरातली पट्टी आणली होती. काठाच्या कोरड्या बाजूला बसून पट्टीनं एक फूट गुणिले एक फूट असा चौकोन आखला आणि त्यातल्या काड्या मोजायला घेतल्या. पहिल्यांदा चोवीस आल्या, दुसऱ्यांदा सव्वीस, कारण दोन नुकत्याच डोकं वर काढत होत्या, गाळाखाली झाकलेल्या. मध्येच एका काडीला घट्ट गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी तिनं सोडवून काढली. तिवराचं एक पान उलटं करून चाटायला सांगितलं, तेही चाटलं. खारट होतं, जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतात ही झाडं. त्यावर ती म्हणाली, "मामा, हे वनस्पतिशास्त्र घाम पण गाळतं की."

साडेनऊच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. आधी निवट्या वर सरकल्या, मग चौकोनाची एक रेघ गेली, मग बुटक्या काड्या दिसेनाशा झाल्या. शेवटची उंच काडी बुडाली तेव्हा तिनं मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडलं.

"आता तोंड बंद," ती म्हणाली. "पुढचा श्वास संध्याकाळी."